राउटरची पाटी आणि वही

घरांत इंटरनेट आलें म्हणजे त्याबरोबर एक लहानशी पेटीहि येते. तिला कोणी वायफाय म्हणतात, कोणी मोडेम म्हणतात, आणि दुकानदार तिला राउटर म्हणतो. तिच्यावरचे दोन-चार दिवे लुकलुकत आहेत तोंवर तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाहीं, आणि ते विझले कीं सारें घर तिच्याभोवतीं गोळा होतें. हिच्याच जातीच्या, परंतु सामर्थ्यानें पुष्कळ मोठ्या अशा पेट्या बँकांत, रुग्णालयांत, रेल्वेच्या कचेऱ्यांत व विद्यापीठांत रात्रंदिवस चालू असतात. एका इमारतींतील संगणक एकमेकांशीं जोडते ती पेटी म्हणजे स्विच, आणि एका जाळ्यांतून दुसऱ्या जाळ्याकडे जाणाऱ्या माहितीला वाट दाखविते ती पेटी म्हणजे राउटर. हा भेद अर्थात् स्थूल आहे. अलीकडच्या पुष्कळ पेट्या दोन्ही कामें करतात.

या पेट्यांत पंख्यावांचून हलणारें असें कांहीं नसतें. एकाच कारखान्यांतून एकाच दिवशीं बाहेर पडलेल्या दोन पेट्या अंगोपांगीं अगदीं सारख्या असतात. पुढें एक बँकेच्या शाखांमधील हिशेब वाहून नेते, आणि दुसरी एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत जाऊन बसते. या दोघींत जो फरक पडतो तो धातूमुळें किंवा तारेमुळें पडत नाहीं, तो एका लेखामुळें पडतो. या लेखाला कॉन्फिगरेशन म्हणतात आणि तो ज्या फाइलींत असतो तिला कॉन्फिग फाइल. इंग्रजी शब्दांच्या पन्नास-शंभर ओळींपासून कित्येक हजार ओळींपर्यंत तिची लांबी असूं शकते. पेटीचें नांव काय, तिच्या कोणत्या दाराला कोणता पत्ता, कोणाला आंत घ्यावें आणि कोणाला उंबऱ्यावरच अडवावें, अमुक जाळ्याकडे जाणारी माहिती कोणत्या वाटेनें धाडावी, हें सारें तिच्यांत ओळीओळीनें लिहिलेलें असतें. पेटी जळाली तर दुसरी विकत आणतां येते. हा लेख हरवला तर तो कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं. ज्यानें तो वर्षानुवर्षें ओळ ओळ जोडून सिद्ध केला त्याच्या डोक्यांत जेवढा उरला असेल तेवढाच उरतो. म्हणून हा लेख कसा वाचावा, कोठें ठेवावा आणि त्यांत फेरफार करतांना कोणती सावधगिरी बाळगावी, हा प्रश्न वाटतो तितका रुक्ष नाहीं.

या लेखाची जी बोली आज सर्वांत अधिक परिचित आहे ती सिस्को या अमेरिकन कंपनीच्या यंत्रांची. स्टॅनफर्ड विद्यापीठांत काम करणाऱ्या लेनर्ड बोसॅक व सँडी लर्नर या दांपत्यानें १९८४ सालीं ही कंपनी काढली, आणि सॅन फ्रॅन्सिस्को या शहराच्या नांवाचा शेवटचा तुकडा घेऊन तिचें बारसें केलें. पुढें इतर अनेक कारखानदारांनींहि आपल्या यंत्रांची बोली तिच्या वळणावर नेली. यापुढील उदाहरणें म्हणून बहुतेक त्याच यंत्रांचीं आहेत.

आतां मुख्य गोष्ट. या पेटीजवळ तिच्या लेखाच्या दोन प्रती असतात. पेटी चालू असतांना ज्या आज्ञांनुसार ती वागते त्या तिच्या चालत्या स्मृतींत असतात. या प्रतीला रनिंग-कॉन्फिग म्हणतात. ही स्मृति विजेवर जगणारी आहे. वीज गेली कीं ती कोरी होते. दुसरी स्मृति अशी असते कीं वीज गेली तरी तिच्यांतील एकहि अक्षर पुसलें जात नाहीं. तिच्यांत ठेवलेली प्रत म्हणजे स्टार्टअप-कॉन्फिग. पेटी सुरू झाली कीं ही दुसरी प्रत वाचून ती पहिलींत उतरवून घेते आणि मग कामाला लागते. पहिली प्रत शाळकरी मुलाच्या पाटीसारखी आहे आणि दुसरी त्याच्या वहीसारखी. पेढीवरची कच्ची वही आणि पक्की वही यांचीहि उपमा देतां येईल. परंतु व्यापारी पक्क्या वहीला प्रमाण मानून चालतो, आणि ही पेटी मात्र सर्वस्वीं पाटीवर विश्वास ठेवून वागते. वही ती उघडते ती झोंपेंतून जागी होतांना, एकदांच.

या व्यवस्थेचे परिणाम दूरवर पोंचतात. व्यवस्थापकानें एक ओळ लिहून एन्टरची कळ दाबली कीं ती ओळ त्याच क्षणीं अमलांत येते. पेटी बहुधा विचारीत नाहीं, शंका काढीत नाहीं, उद्यांपर्यंत थांबत नाहीं. परंतु ती ओळ लिहिली गेली ती पाटीवर. वहींत तिची नक्कल करण्यासाठीं निराळी आज्ञा द्यावी लागते: "कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग". जुन्या वळणाचे लोक अजूनहि "राइट मेमरी" असें लिहून तेंच काम भागवितात. ही आज्ञा द्यावयाची राहिली तर त्या दिवशीं कांहींच बिघडत नाहीं, आणि खरा घोटाळा आहे तो येथेंच. समजा, एखाद्या कचेरींत नवा विभाग उघडला, त्याच्यासाठीं व्यवस्थापकानें पेटीची दोन दारें खुलीं केलीं, सर्वांचे संगणक सुरळीत चालू झाले, आणि तो समाधानानें घरीं गेला. आठ महिन्यांनीं वायरमननें मीटरच्या दुरुस्तीसाठीं मेन बंद केला. वीज परत आली, पेटी जागी झाली, तिनें आपली जुनी वही उघडली, आणि त्या वहींत नव्या विभागाचें नांवहि नव्हतें. सकाळीं त्या विभागांतील सारे संगणक मुके. तोंपर्यंत तो व्यवस्थापक दुसरीकडे नोकरीस गेलेला असूं शकतो. वायरमन बिचारा विनाकारण शिव्या खातो. चूक आणि तिची शिक्षा यांच्यामध्यें इतका काळ गेला कीं त्यांचा संबंध कोणाच्या ध्यानांत येऊं नये, हें या दोन प्रतींच्या व्यवस्थेंत ओघानेंच येतें.

मग ती दोन प्रतींची व्यवस्था ठेवलीच कशाला, असें कोणी विचारील. तिचा उपयोगहि तितकाच मोठा आहे. पाटीवर कांहीं भलतेंच लिहिलें गेलें आणि पेटी वेडीवांकडी वागूं लागली, तर ती बंद करून पुन्हां सुरू करावी. वहींतला जुना, शहाणा लेख परत येतो. पाटी पुसतां येते म्हणूनच तिच्यावर प्रयोग करतां येतात.

तेव्हां कोणत्याहि पेटीला हात लावण्यापूर्वीं तिच्या दोन्ही प्रती वाचाव्या, हा या धंद्यांतील पहिला पाठ. "शो रनिंग-कॉन्फिग" म्हटलें कीं पाटी दिसते, "शो स्टार्टअप-कॉन्फिग" म्हटलें कीं वही. आल्यागेल्या प्रत्येकाला ही वाचण्याची मुभा नसते. त्यासाठीं "एनेबल" ही आज्ञा व बहुधा सांकेतिक शब्द देऊन वरच्या पायरीवर चढावें लागतें. लेख लांब असेल तर पडदा भरला कीं तो थांबतो आणि कळ दाबली कीं पुढें सरकतो. हव्या त्या शब्दाच्या ओळी तेवढ्याच निवडून मागतां येतात, किंवा एखादें प्रकरणच्या प्रकरण वेगळें काढून पाहतां येतें. माथ्यावर बहुधा एक ओळ असते, तींत शेवटचा फेरफार केव्हां झाला आणि कोणीं केला हें असतें, व वही केव्हां लिहिली गेली हेंहि असतें. या दोन वेळा ताडून पाहिल्या तरी पुष्कळ उमजतें. मात्र पेटीचें घड्याळ लावलेलें असलें पाहिजे. जुन्या कित्येक यंत्रांना स्वतःचें चालतें घड्याळ नसे. दर वेळीं जागें झालें कीं तें यंत्र त्या क्षणाला १ मार्च १९९३ समजून दिवस मोजावयास लागे. अशा पेटीच्या नोंदी वाचणें म्हणजे तिथि नसलेलीं पत्रें लावून इतिहास लिहिण्यापैकींच आहे.

वाचतांना आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी लागते. पडद्यावर जो लेख उमटतो तो व्यवस्थापकानें लिहिलेला मूळ लेख नव्हे. विचारणा झाली कीं पेटी आपल्या त्या क्षणींच्या स्थितीवरून तो नव्यानें जुळवून सांगते. म्हणून ज्या गोष्टी कारखान्याच्या मूळ ठरावाप्रमाणेंच आहेत त्या ती बोलूनहि दाखवीत नाहीं. त्या ऐकावयाच्या तर आज्ञेच्या शेवटीं "ऑल" हा शब्द जोडावा लागतो. त्याहून नवलाची गोष्ट अशी कीं उद्गारचिन्हानें सुरू होणाऱ्या टिपा ती सरळ टाकून देते. व्यवस्थापकानें फाइलींत मोठ्या काळजीनें लिहून ठेवलें, कीं हा पत्ता अमुक कारणासाठीं अडविला आहे, कृपा करून काढूं नये. फाइल पेटींत गेली आणि पुन्हां बाहेर आली, तर आज्ञा तेवढी शिल्लक, कारण गडप. दाराला जोडलेलें "डिस्क्रिप्शन" व नियमांना जोडलेला "रिमार्क" एवढेच शब्द तिच्याकडे टिकतात. आज्ञा टिकावी आणि तिच्यामागचा हेतु टिकूं नये, हा प्रकार दप्तरखान्यांत आयुष्य घालविलेल्या माणसाला नवा वाटणार नाहीं. पण येथें तो कोणाच्या आळसामुळें घडत नाहीं, यंत्राच्या स्वभावामुळें घडतो, आणि त्यामुळेंच दहा वर्षांपूर्वींची एखादी ओळ काढावयास कोणाचा हात धजत नाहीं.

लिहिण्याच्या कामांतील सर्वांत मोठा फसवा प्रकार मात्र निराळाच आहे. नक्कल करणें म्हणजे जुन्याच्या जागीं नवें ठेवणें, असें कोणीहि समजेल. वहीच्या बाबतींत तें खरें आहे. बाहेरची फाइल वहीवर उतरविली कीं जुनी वही गेली आणि नवी आली. परंतु तीच फाइल पाटीवर उतरविली तर पाटी आधीं पुसली जात नाहीं. जुन्या ओळींत नव्या ओळी मिसळतात. नव्या ओळीनें जुनीशीं स्पष्ट विरोध केला असेल तेथें नवी जिंकते. जेथें नवी फाइल गप्प आहे तेथें जुनी ओळ तशीच राहते. परिणामीं जो लेख तयार होतो तो धड जुना नसतो, धड नवा नसतो.

याचा उत्तम नमुना सांकेतिक शब्द विसरल्याच्या प्रसंगीं पाहावयास मिळतो. असा शब्द विसरला तर पेटीला सांगतां येतें, कीं या वेळीं जागी होतांना वही उघडूं नकोस. तिच्यांतील एका रजिस्टरांत नेहमीं २१०२ हा आंकडा असतो, तो बदलून २१४२ केला कीं पेटी कोरी पाटी घेऊन उठते आणि शब्द विचारीत नाहीं. मग वहींतला लेख पाटीवर घ्यावयाचा, शब्द बदलावयाचा, आणि पाटी वहींत उतरवून आंकडा पूर्ववत् करावयाचा. एवढें करूनहि पुष्कळदां राउटरचीं सारीं दारें बंदच राहतात, आणि नवशिका माणूस चक्रावून जातो. लेख तर शब्दशः पूर्वीचाच आहे! कारण असें, कीं कोऱ्या राउटरचीं दारें मुळांत बंद असतात. वहींत "हें दार बंद" एवढेंच लिहिण्याची पद्धति आहे. उघड्या दाराविषयीं वही मौन पाळते. बंद दारांवर मौनाची नक्कल केली तर दार उघडणार कसें? प्रत्येक दारापाशीं जाऊन "नो शटडाउन" म्हणावें लागतें. आणि या खटाटोपांत घाईनें नकलेची दिशाच उलटी झाली, म्हणजे कोरी पाटी वहींत उतरली, तर वर्षांचें काम एका ओळींत नाहींसें होतें. सिस्कोच्या पुढील यंत्रांत "कॉन्फिगर रिप्लेस" अशी आज्ञा आली. ती दोन लेखांतील फरक काढून जुन्याच्या जागीं खरोखरच नवा लेख बसविते. मिसळण्याचा प्रकार त्यामुळें टळतो, परंतु ती ठाऊक असूनहि न वापरणारे पुष्कळ आहेत.

स्विचच्या बाबतींत एका लहानशा शब्दाची गोष्ट या धंद्यांत प्रसिद्ध आहे. मोठ्या वाड्यांत भिंती घालून निरनिराळीं बिऱ्हाडें करावीं, तसे एका स्विचचे आंतल्या आंत निरनिराळे भाग पाडतां येतात. त्यांना व्हीलॅन म्हणतात व प्रत्येकाला क्रमांक असतो. दोन स्विचना जोडणारी तार सर्व बिऱ्हाडांना समाईक जिन्यासारखी असते, आणि कोणत्या क्रमांकांनीं तो जिना वापरावा याची यादी कॉन्फिगरेशनमध्यें असते. यादींत १०, २० व ३० आहेत आणि त्यांत ४० ची भर घालावयाची आहे. आज्ञेंत "ॲड" हा शब्द घालून ४० लिहिलें तर भर पडते. तो शब्द राहून गेला तर यादी ४० या एकाच क्रमांकाची होते, आणि बाकीचीं बिऱ्हाडें जिन्यावांचून अधांतरीं. ज्या बिऱ्हाडांतून व्यवस्थापक स्वतः बोलत होता तेंहि त्यांत असेल, तर चूक दुरुस्त करण्याचा मार्गहि त्याच क्षणीं तुटतो.

शिवाय वही एकच असते असेंहि नाहीं. सिस्कोच्या अनेक स्विचांत व्हीलॅनची यादी मुख्य वहींत न राहतां "व्हीलॅन डॉट डॅट" नांवाच्या निराळ्या फाइलींत राहते. मुख्य वही पुसली तरी ती यादी जशीच्या तशी. स्विचांनीं ही यादी एकमेकांस आपोआप कळवावी म्हणून व्हीटीपी नांवाची एक सोय आहे. तिच्या पहिल्या दोन आवृत्त्यांचा नियम असा, कीं ज्याच्या यादीचा फेरफार-क्रमांक मोठा त्याची यादी सर्वांनीं मानावी. अडगळींतून काढलेला, दुसरीकडे पुष्कळ वापरलेला एखादा जुना स्विच त्याच नांवाच्या व त्याच सांकेतिक शब्दाच्या मंडळांत आणून जोडला, आणि त्याचा क्रमांक मोठा निघाला, तर साऱ्या इमारतीची यादी पुसून त्याची शिळी यादी सर्वत्र पसरते. मोठा क्रमांक म्हणजे अधिक ज्ञान, हें गृहीत धरणारें यंत्र भाबडेंच म्हटलें पाहिजे.

दूरवरच्या पेटीवर काम करतांना ही जोखीम वाढते. व्यवस्थापक पुण्यांत बसला आहे, पेटी नागपुरांत आहे, आणि तो ज्या वाटेनें तिच्याशीं बोलतो ती वाट त्याच पेटींतून जाते. आपण बसलों ती फांदी तोडण्याचीच ही तऱ्हा. यावर जुन्या जाणत्यांनीं सोपी तोड काढली. फेरफारापूर्वीं "रीलोड इन १०" अशी आज्ञा द्यावयाची. म्हणजे दहा मिनिटांनीं पेटी आपोआप बंद होऊन पुन्हां सुरू होईल. सारें ठीक झालें तर "रीलोड कॅन्सल" म्हणून ती आज्ञा मागें घ्यावी व मग लेख वहींत उतरवावा. हात तुटले, बोलणें खुंटलें, तर स्वस्थ बसावें. दहा मिनिटांनीं पेटी जुनी वही वाचून शुद्धीवर येते. जुनिपर या दुसऱ्या कंपनीनें हा विचार अधिक व्यवस्थित केला. तिच्या यंत्रांत ओळ लिहिली कीं ती लगेच अमलांत येत नाहीं. मसुदा तयार करावयाचा, तपासावयाचा, आणि मग "कमिट" म्हणावयाचें. "कमिट कन्फर्म्ड" म्हटलें तर दहा मिनिटांच्या आंत पुन्हां एकदां होकार द्यावा लागतो, नाहीं तर यंत्र आपण होऊन मागच्या लेखावर परततें. चालू लेख धरून पन्नास लेखांपर्यंत तें जपून ठेवूं शकतें. ही रीत निःसंशय अधिक शहाणी आहे.

एवढी काळजी कशासाठीं, याचें उत्तर २०२२ सालच्या जुलैच्या ८ तारखेनें कॅनडांत दिलें. रॉजर्स ही तेथील एक मोठी दूरसंचार कंपनी. जाळ्याच्या गाभ्याची सुधारणा तिनें सात टप्प्यांत योजिली होती व पांच टप्पे सुखरूप पार पडले होते. सहाव्या टप्प्यांत, पहाटे पावणेपांचच्या सुमारास, वाटपाच्या राउटरांच्या कॉन्फिगरेशनमधून एक गाळणी काढून टाकण्यांत आली. या गाळणीमुळें बाहेरच्या वाटांची अगणित माहिती गाभ्यापर्यंत पोंचत नसे. ती जातांच लोंढा आंत शिरला, आणि कांहीं मिनिटांत गाभ्यांतील राउटर त्या भाराखालीं कोसळले. १ कोटि २० लक्षांहून अधिक ग्राहकांचे दूरध्वनि व इंटरनेट बंद पडलें. दुकानांतून बँकेच्या कार्डानें पैसे देतां येईनात. संकटकाळीं ९११ हा क्रमांक फिरविणाऱ्या अनेकांना उत्तर मिळेना. सेवा मार्गावर येण्यास सुमारें २६ तास लागले.

नियामकानें नेमलेल्या तज्ज्ञांच्या अहवालांत दोन गोष्टी विशेष बोचतात. पहिली अशी, कीं या कामाची जोखीम आरंभीं "मोठी" ठरविली होती. परंतु आधींचे टप्पे निर्विघ्न पार पडले म्हणून जोखीम मोजणाऱ्या गणितानें ती उतरवून "लहान" केली, आणि त्यामुळें वरिष्ठांची बारीक तपासणी टळली. कालपर्यंत पूल पडला नाहीं म्हणून आज अधिक भार घालावा, असाच हा न्याय! दुसरी अशी, कीं यंत्रांचें व्यवस्थापन करण्याचें जाळें त्याच गाभ्यावर अवलंबून होतें. गाभा पडला तसें तेंहि पडलें. कर्मचाऱ्यांजवळचे दूरध्वनिहि त्याच कंपनीचे. त्यांना एकमेकांशीं बोलतां येईना, आणि दुसऱ्या कंपन्यांचीं सिमकार्डें मिळवावीं लागलीं. कोणती ओळ काढल्यानें हें घडलें एवढें निश्चित कळण्यास १४ तास गेले. पेटीपर्यंत पोंचतां येत नाहीं तोंवर तिची पाटी वाचतां येत नाहीं.

त्याच्या आदल्या वर्षीं, २०२१ च्या ऑक्टोबरच्या ४ तारखेस, भारतांत रात्रीं नऊच्या पुढें व्हॉट्सॲप, फेसबुक व इन्स्टाग्राम एकदमच बंद पडलीं, तें अनेक श्रोत्यांच्या स्मरणांत असेल. तेथें कारण थोडें निराळें होतें. जाळ्याच्या कण्याची क्षमता अजमावण्यासाठीं दिलेल्या एका आज्ञेनें कणाच तोडला, आणि अशा आज्ञा तपासून अडविणाऱ्या साधनांतच दोष होता. परंतु पुढची कथा तीच. दुरून वाट उरली नाहीं, माणसांना प्रत्यक्ष यंत्रागारांत धाडावें लागलें, आणि तीं यंत्रागारें तर कोणालाहि सहजासहजीं प्रवेश मिळूं नये म्हणूनच बांधलेलीं. सेवा परत येण्यास सहा तासांच्या घरांत वेळ गेला. अशा प्रसंगासाठीं पेटीपर्यंत जाणारी एक अगदीं स्वतंत्र वाट, निराळ्या कंपनीच्या तारेवरची, ठेवावी लागते. ती वर्षभर पडून राहते आणि तिचें बिल दर महिन्यास येतें, म्हणून हिशेबनिसाच्या डोळ्यांवर येते.

पाटी आणि वही या दोन्ही पेटीच्या पोटांत असतात. पेटीच गेली तर दोन्ही जातात. म्हणून तिसरी प्रत बाहेर हवी. पूर्वीं यासाठीं सर्रास टीएफटीपी नांवाची साधी रीत वापरीत. १९८१ च्या जूनमध्यें तिचे नियम प्रसिद्ध झाले. ती नांव विचारीत नाहीं, सांकेतिक शब्द विचारीत नाहीं, आणि मजकूर उघड्या पोस्टकार्डासारखा धाडते. आतां मजकूर झांकून नेणाऱ्या रीती आहेत व त्याच वापराव्या. रॅन्सिड, ऑक्सिडाइज्ड अशा नांवांचीं साधनें ठराविक वेळीं प्रत्येक पेटीकडे जाऊन तिचा लेख आणतात, कालच्या लेखाशीं ताडून पाहतात, आणि कोठें एक ओळ जरी बदलली असली तरी तेवढीच ओळ वेगळी काढून व्यवस्थापकास कळवितात. हजार ओळी रोज डोळ्यांनीं वाचणें कोणास शक्य नाहीं; बदललेल्या तीन ओळी कोणीहि वाचूं शकतो. घरच्या पेटीलाहि बहुधा "बॅकअप" म्हणून एक बटण असतें. मागच्या बारीक भोकांत टांचणी घालून कळ दाबून धरली कीं ती पेटी कारखान्यांतून आली तशी होते, आणि मग इंटरनेट देणाऱ्यानें कधीं काळीं कागदावर लिहून दिलेलें नांव व शब्द शोधण्यासाठीं घरांतील कपाटें उपसावीं लागतात. बटण आधीं दाबलेलें बरें.

परंतु ही बाहेरची प्रत जपून ठेवावयाची म्हणजे तिजोरींतल्या ऐवजासारखी. तींत आंतल्या साऱ्या पत्त्यांचा नकाशा असतो, दुसऱ्या शाखांशीं बोलण्याच्या गुप्त किल्ल्या असतात, सांकेतिक शब्द असतात. सिस्कोच्या फाइलींत ७ या आंकड्यामागें जो शब्द अगम्य अक्षरांत दिसतो तो खरोखर गुप्त नसतो. तो उलगडण्याची रीत कित्येक वर्षें जगजाहीर आहे. आडून डोकावणाऱ्याच्या नजरेस पडूं नये एवढाच त्याचा उपयोग. मदत मागतांना अशी फाइल जशीच्या तशी परक्याच्या हातीं देणारे लोक आहेत. आणि त्याहूनहि अधिक लोक पेटीच देऊन टाकतात. ईसेट या सुरक्षाविषयक कंपनीनें बाजारांतून १८ जुने राउटर विकत घेऊन तपासले व २०२३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासतां आलेल्या यंत्रांपैकीं निम्म्याहून अधिक यंत्रांत पूर्वींच्या मालकांचा लेख जसाच्या तसा होता.

भंगारवाल्याकडे जाणाऱ्या सिस्कोच्या स्विचला म्हणून आधीं "राइट इरेज" म्हणावें लागतें, व्हीलॅनची निराळी फाइल पुसावी लागते, फ्लॅशमध्यें कोणी जुन्या प्रती ठेविल्या असतील त्या काढाव्या लागतात, आणि मग पेटी पुन्हां सुरू करावी लागते. सुरू होण्यापूर्वीं ती कधीं कधीं विचारते, कीं पाटीवर फेरफार झाला आहे, तो वहींत उतरवूं काय? येथें सवयीनें "यस" म्हटलें तर नुकतीच पुसलेली वही पाटीवरून पुन्हां भरली जाते आणि सारा खटाटोप पहिल्यापासून. "नो" म्हटलें तर दिवे विझतात, पंखा क्षणभर थांबून पुन्हां घरघरतो, आणि कांहीं मिनिटांनीं पडद्यावर प्रश्न येतो: आरंभींची माहिती भरण्यास सुरुवात करावयाची काय? पेटीला तेव्हां आपलें नांवहि आठवत नसतें.